शुगरच्या मागोमाग बीपी का येतं?

शुगर, बीपी म्हणजे खात्यापित्या घरचे आजार, असं आजही सर्रास बोललं जातं. स्कॉटलंडमधल्या सुमारे १७.५ लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात २३ टक्के लोकांना दोन किंवा जास्त जुनाट आजार होते, आणि सर्वांत गरीब वस्त्यांत ते श्रीमंत वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी गाठत होते.

पण हे आजार जोडीनेच का येतात? एक मोठा धागा पोटात आहे. कातडीखालची चरबी त्यामानाने निरुपद्रवी; आतड्यांभोवतीची खोडकर. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, रक्तावाटे थेट यकृतात पोचतात. यकृत मग साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला दाद देत नाही, गरज नसतानाही साखर बनवत राहतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. हे वाढीव इन्सुलिन मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतं, सोडियमबरोबर पाणी थांबतं, रक्तदाब चढतो. चढा दाब आणि साखर मिळून मूत्रपिंडातल्या गाळणीच्या बारीक केशवाहिन्या, म्हणजे ग्लोमेरुलस, खराब करतात. आणि खराब मूत्रपिंड रेनिन-अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनांच्या साखळीतून दाब आणखी वाढवतं. फाइलवर आजार तीन, आत चक्र एकच. ‘७ दिवसांत शुगर मुळापासून’ म्हणणाऱ्या काढ्याने यातली नेमकी कुठली कडी तुटते, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

ही चरबी वजनकाट्यावर दिसेलच असं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपल्याकडे याची सुरुवात आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत मागे नेता येते, असं पुण्याजवळच्या गावांतलं याज्ञिकांचं काम सुचवतं.

मग सगळा दोष खाण्यापिण्याचा आणि बिडी-सिगारेटचा? लंडनच्या सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात तळच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर वरिष्ठांच्या जवळपास तिप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही या फरकाचा मोठा भाग उरलाच. आणि ही सगळी पगारदार माणसं!

रोजंदारीवरच्या माणसाला शुगर, बीपी आणि किडनीसाठी तीन वेगळ्या दिवशी ओपीडीच्या रांगा लावाव्या लागल्या, तर तीन दिवसांची मजुरी बुडते. मग आधी सुटते ती बीपीची गोळी, कारण बीपी दुखत नाही.