वाचननोंद आणि न वाचलेली पुस्तके

वाचननोंद : आपण काय वाचले, कधी वाचले, कुठे थांबलो आणि पुढे काय वाचायचे आहे, याचा वाचकाने स्वतःसाठी ठेवलेला हिशोब. तो वहीत असतो, कार्डांवर असतो, संगणकातल्या तक्त्यात असतो नाहीतर मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीशी त्याची गल्लत करू नये. दाखल नोंदवही पुस्तक आल्याची साक्ष देते, कोणी ते वाचल्याची नाही. घरगुती वाचनवहीचे बहुधा नेमके उलट असते. वाचून झालेल्या पुस्तकांची नावे तीत ओळीने येतात. विकत आणलेल्या, भेट मिळालेल्या आणि अजून न उघडलेल्या पुस्तकांचा तीत मागमूस नसतो. जमाखर्चाच्या भाषेत, खर्चाची बाजू भरलेली आणि जमेची कोरी. अशा वहीवरून किती वाचले ते कळते. न वाचलेल्यांची थप्पी का वाढते, ते कळत नाही.

या थप्पीसाठी जपानी भाषेत ‘त्सुंदोकू’ असा शब्द आहे. ‘रचून ठेवणे’ आणि ‘वाचणे’ या अर्थांच्या शब्दांवर केलेली ही कोटी मेइजी काळातली (१८६८–१९१२). मूळ शब्दात दोषारोपापेक्षा चेष्टा जास्त आहे. ऑनलाइन वाचकांत ‘टीबीआर’ हे आद्याक्षरी नाव रुळले आहे, म्हणजे ‘वाचायच्या पुस्तकांची यादी’. पण यादी आणि थप्पी एक नव्हे. यादीतले पुस्तक अजून दुकानात किंवा ग्रंथालयात असू शकते, थप्पीतले घरात येऊन धूळ खात असते. लेखक नसीम निकोलस तालेब यांनी २००७ मध्ये न वाचलेल्या पुस्तकांच्या संग्रहाला ‘प्रतिग्रंथालय’ या अर्थाचे नाव दिले. त्यांच्या मते वाचलेल्यांपेक्षा न वाचलेली पुस्तके मोलाची, कारण आपल्याला काय ठाऊक नाही ते ती समोर उभी राहून सांगतात. यासाठी त्यांनी इटालियन लेखक उंबेर्तो एको यांच्या सुमारे ३०,००० पुस्तकांचा दाखला दिला. विचार चांगला आहे, मात्र तो संशोधकाच्या हाताशी लागणाऱ्या संदर्भसंग्रहाला जितका लागू पडतो तितका उशाशी साचलेल्या कादंबऱ्यांना पडत नाही. पुस्तके घेण्याची हौस झाकायलाच तो जास्त वापरला गेला आहे.

तक्रार मात्र जुनीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेका विचारतो की ज्यांची नुसती शीर्षके वाचायलाही मालकाला जन्म पुरत नाही अशी असंख्य पुस्तके काय कामाची. त्याच शतकातल्या थोरल्या प्लिनीने उलटा मार्ग धरला: हाती येईल ते वाचायचे आणि टिपण काढल्याशिवाय काहीही वाचायचे नाही. ज्यात काहीच घेण्यासारखे नाही इतके वाईट पुस्तक नसतेच, असे तो म्हणत असे. त्याच्या भाच्याच्या, म्हणजे पुढे दत्तक घेतलेल्या धाकट्या प्लिनीच्या, पत्रातून कळते की मागे १६० टिपणवह्या राहिल्या, त्याही दोन्ही बाजूंनी अगदी बारीक अक्षरात भरलेल्या. त्याच पत्रात एक प्रसंग आहे. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याचा एक उच्चार चुकला म्हणून एका मित्राने त्याला मागचे पुन्हा वाचायला लावले. तुला अर्थ तर कळला होता ना, असे विचारून प्लिनी म्हणाला की तुझ्या या अडवण्याने आपल्या दहा ओळी बुडाल्या. वाचनाचा हिशोब ओळींत मांडणारा हा गृहस्थ वर्षाला अमुक पुस्तके वाचण्याचे लक्ष्य ठेवणाऱ्या आजच्या वाचकांचा पूर्वजच म्हणायचा.

नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख फोटिओस याने भावासाठी आपल्या वाचलेल्या ग्रंथांची जी ओळख लिहिली, ती सुमारे २८० नोंदींची आहे. काही नोंदी दोन-चार ओळींच्या, काही पानेच्या पाने चालणाऱ्या. त्याने वाचलेले कितीतरी ग्रंथ पुढे नष्ट झाले. क्टेसिअस या ग्रीक वैद्याने भारताविषयी लिहिलेला ग्रंथ आज मुख्यतः फोटिओसने केलेल्या सारांशामुळेच माहीत आहे. स्वतःच्या घरातल्या माणसासाठी लिहिलेली वाचननोंद मूळ ग्रंथापेक्षा जास्त जगली.

पुढे युरोपात टिपणवह्यांची पद्धत रुजली आणि एक व्यवहारी अडचण उभी राहिली: टिपलेले सापडायचे कसे? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने त्यासाठी सूची बनवण्याची रीत शोधली. ती १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०६ मध्ये इंग्रजीत छापली गेली. विषयाच्या नावाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर यांच्या जोडीवरून वहीच्या सुरुवातीला चौकटी आखायच्या आणि त्या चौकटीत पानांचे आकडे लिहीत जायचे. देवनागरीत लिहिणाऱ्याला ही सोय बाराखडी आयतीच देते. ‘मैत्री’ आणि ‘मैदान’ दोन्ही ‘मै’च्या चौकटीत जातात, दोन पानांच्या सूचीवर अख्खी वही चालते.

जमा आणि खर्च या दोन्ही बाजू एकत्र पाहायच्या तर चार्ल्स डार्विनच्या वाचनवह्या पाहाव्यात. १८३८ ते १८६० या काळातल्या या वह्यांत ‘वाचायची पुस्तके’ आणि ‘वाचलेली पुस्तके’ अशा दोन वेगळ्या याद्या आहेत. वाचलेल्यांपुढे तारखा आहेत, आणि काही ठिकाणी प्रांजळ शेरा: नुसते चाळले. हा शेरा फार कामाचा. पुस्तक पूर्ण वाचणे, चाळणे आणि त्यातले एखादेच प्रकरण वाचणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या वहीला ‘वाचले’ एवढा एकच शब्द येतो ती मालकाला हळूहळू खोटे बोलायला शिकवते. टिपणांची डार्विनची पद्धतही साधी होती. पुस्तक स्वतःचे असेल तर शेवटच्या कोऱ्या पानांवर आपल्या कामाच्या गोष्टींची सूची करायची. परक्याचे असेल तर वेगळा गोषवारा काढून खणात टाकायचा. असे गोषवारे भरलेला एक मोठा खण आपल्याकडे आहे, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. म्हणजे वहीत फक्त नाव, तारीख आणि शेरा, आशय दुसरीकडे. हे दोन्ही एकाच पानावर कोंबायला गेले की वही महिन्याभरात बंद पडते.

नोंद टिकवून ठेवणारे आणखीही आहेत. एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांच्या रोजनिशीत आयुष्यभरात वाचलेल्या सुमारे २०,००० ग्रंथ-पुस्तिकांची नोंद सापडते. अमेरिकी गायक आर्ट गारफंकल यांनी जून १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवली आहे.

चालती नोंद कशी दिसते? समजा एका पानावर अशा ओळी आहेत: ‘४ मार्च, सुरू. ११ मार्च, पृ. ११२. मधली वंशावळ डोक्यात बसत नाही, मलपृष्ठाच्या आत लिहून काढली. २ एप्रिल, पुन्हा पृ. ८० पासून. १९ एप्रिल, संपले. थोरल्या बहिणीचे पत्र पृ. २०३.’ यात गुण नाहीत, तारे नाहीत, सारांशही नाही. तरी सहा वर्षांनी हे वाचणाऱ्याला कळते की तीन आठवड्यांचा खंड का पडला आणि परत शोधायचे ते पान कोणते. पानाचा आकडा दिला तर आवृत्तीही लिहावी लागते, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीत ते पत्र सापडत नाही. पुस्तक कोणी सुचवले हेही लिहिणाऱ्याला दोन-तीन वर्षांत समजते की आपल्यासाठी कोणाची शिफारस लागू पडते आणि कोणाची केवळ भिडेखातर घेतली जाते.

नोंद केव्हा लिहावी यावरही थोडे सांगता येते. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्याने जास्त राहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते. पुस्तक मिटून, न बघता लिहिलेल्या चार ओळी त्यामुळे समोर ठेवून उतरवलेल्या दोन पानांना भारी पडतात.

आता थप्पी. ती कमी वाचल्यामुळे वाढते असा सर्वसाधारण समज आहे. हिशोब मांडला की वेगळेच दिसते. रोज २० पाने वाचणारा माणूस वर्षाला ७,३०० पाने वाचतो. २५० पानांचे एक, असे धरले तर साधारण २९ पुस्तके झाली. ही काही थोडी नव्हेत. पण याच माणसाकडे महिन्याला तीन पुस्तके येत असतील तर वर्षाची आवक ३६. म्हणजे दररोज नेमाने वाचूनही थप्पी वर्षाला सातने वाढणारच. त्याच्याकडे आधीची १०० साचली असतील आणि ती पाच वर्षांत संपवायची असतील, तर नवी पुस्तके वर्षाला नऊच घेता येतात. वाचनाचा वेग दुप्पट करणे बहुतेकांना जमत नाही, आवक अर्धी करणे जमू शकते. पण ही आवक दिसायला ती कुठेतरी लिहिलेली पाहिजे. पुस्तक घरात आले त्या दिवशीच तारीख टाकून नोंद केली, तर वर्षअखेरीला दोन आकडे शेजारी ठेवता येतात. विक्री, प्रदर्शने आणि सवलती यांच्या तारखांना जमेच्या बाजूला कशी गर्दी होते, तेही तिथेच दिसते.

आवकेला जागेचा बांध घालण्याचा उपाय सॅम्युअल पेपिसने केला होता. सतराव्या शतकातल्या या रोजनिशीकाराने पुस्तकांसाठी खास कपाटे करून घेतली आणि संग्रह त्यांच्याबाहेर जाऊ नये म्हणून तो नकोशी पुस्तके काढूनही टाकत असे. संग्रह बरोबर ३,००० खंडांचा राहिला आणि आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याच कपाटांत उभा आहे, उंचीनुसार लावलेला. बुटक्या पुस्तकांच्या खाली लाकडी ठोकळे देऊन माथे सारखे केलेले आहेत. हौसेलाही शिस्त असू शकते, ती अशी.

थप्पी उतरवण्याच्या लोकप्रिय युक्त्या अनेक आहेत: चिठ्ठी टाकून पुस्तक निवडणे, सर्वांत जुने आधी वाचणे, अमुक महिने खरेदी बंद ठेवणे. त्यांतली ‘सर्वांत जुने आधी’ ही ऐकायला न्याय्य आणि व्यवहारात सर्वांत वाईट, कारण सर्वांत जुने न वाचलेले पुस्तक बहुधा मुळातच नको असलेले असते. त्याला रांगेत पुढे आणले की मागची सगळी रांग अडते. खरेदीबंदीचाही बांध फुटतो आणि मग दुप्पट येते. या सगळ्यांपेक्षा परिणामकारक, पण वाचकांना सर्वांत जड जाणारा उपाय म्हणजे न वाचता बाद करणे. ग्रंथालये हे नियमितपणे करतात. घरी मात्र न वाचलेले पुस्तक देऊन टाकणे म्हणजे हार मानणे वाटते. तसे पाहिले तर तिथे पुस्तक जात नसते. आपण केव्हातरी फावल्या वेळी ज्या विषयाचे जाणकार होणार होतो, तो बेत जातो.

अर्धवट सोडण्याचा प्रश्न याच घरातला. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पाने वाचून पाहा, पकड घेत नसेल तर सोडा, वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढी पाने पुरेत. सत्तरीच्या वाचकाला तीसच पाने. शंभरीनंतर मुखपृष्ठावरूनच ठरवायची मुभा मिळते.

अ‍ॅप आणि संकेतस्थळांनी नोंद सोपी केली आणि थोडी बिघडवलीही. लायब्ररीथिंग २००५ मध्ये आणि गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झाले; २०१३ मध्ये गुडरीड्स अ‍ॅमेझॉनने घेतले. गुडरीड्सच्या मूळ मांडणीत तीन कप्पे होते: वाचले, वाचतोय, वाचायचे आहे. सोडून दिलेल्या पुस्तकाला जागाच नव्हती, वाचकांनी ती स्वतःचे कप्पे करून काढली. पुढे आलेल्या द स्टोरीग्राफमध्ये ‘सोडले’ असे सरळ नोंदवता येते. ‘वाचायचे आहे’ या कप्प्यात पुस्तक टाकायला एक टिचकी पुरते, पैसे लागत नाहीत आणि जागाही लागत नाही; त्यामुळे तिथे शेकड्यांनी नावे साठतात आणि त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पुस्तकावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, स्कॅन करून नोंद होते, हे सोयीचे खरे. पण हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७० मध्ये, त्यामुळे आधीची जुनी पुस्तके हातानेच भरावी लागतात. २००७ पासून तो दहाऐवजी तेरा आकड्यांचा आहे.

वार्षिक लक्ष्याची गंमत वेगळी. बारा किंवा पन्नास असा आकडा जाहीर केला की डिसेंबरात बारीक पुस्तकांचे भाव वधारतात. पुस्तक म्हणजे काय हा प्रश्न तेव्हा खराच पडतो. आकडेवारीसाठी युनेस्कोने १९६४ मध्ये मुखपृष्ठे वगळून किमान ४९ पानांचे, नियतकालिक नसलेले छापील प्रकाशन अशी व्याख्या केली होती. ती मानली तर ४८ पानांचा कवितासंग्रह वहीत शिरू शकत नाही आणि १,२०० पानांची कादंबरी एकच भरते. त्यासाठी काही जण पानेच मोजतात. ऐकलेल्या पुस्तकांना तीही पद्धत लागू पडत नाही, तिथे तास मोजतात.

ज्यांनी कसलीच नोंद ठेवली नाही त्यांच्या वाचनाचा माग इतिहासकार इतर खुणांवरून काढतात. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात १४५० ते १९४५ या काळातल्या वाचनाचे पुरावे पत्रे, रोजनिशा आणि समासातले शेरे यांतून गोळा केले आहेत. न वाचल्याचा पुरावा त्याहून ठळक असतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या बऱ्याच भागात कितीतरी पुस्तके कडा न कापता विकली जात. छापील कागदाच्या घड्या तशाच असत आणि वाचकाला कागद कापायची बोथट सुरी घेऊन एकेक घडी उघडावी लागे. अशा एखाद्या प्रतीत पहिल्या चाळीस-पन्नास पानांच्या कडा खरबरीत, उघडलेल्या असतात आणि तिथून पुढे शेवटपर्यंत पाने वरच्या बाजूला एकमेकांना जोडलेली. मालकाने आत सही केलेली असते, खरेदीची तारीख घातलेली असते, आणि तो कोणत्या पानावर थांबला तेही कागदानेच लिहून ठेवलेले असते.