हळदीचा खटला: जिंकलं काय आणि समजलो काय

"अहो, अमेरिकेनं कोर्टात मान्य केलंय, हळद औषधी आहे म्हणून." हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, दवाखान्याबाहेरच्या बाकावर ऐकलंय, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सर्दी-पडशाचे दिवस आले की दरवर्षी वाचतो. खरं सांगायचं तर ते प्रकरण कोर्टात गेलंच नव्हतं आणि अमेरिकेनं असं काही मान्यही केलेलं नाही. झालं ते वेगळंच होतं, आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने क्रमांक ५४०१५०४चं पेटंट दिलं. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांनी ते मागितलं होतं, आणि दोघेही भारतीय वंशाचे होते. जखमेवर हळद लावणं आणि जखम भरावी म्हणून ती पोटात घेणं, दोन्ही गोष्टींवर त्यात हक्क सांगितला होता. म्हणजे गुडघा फुटला की डब्यातली चिमूटभर हळद दाबणाऱ्या घराघरातल्या बायकांचा शोध कागदोपत्री तिसऱ्याच्याच नावावर लागला.

त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावचे, गिरगावात वाढलेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून नुकतेच दिल्लीला गेलेले. ऑक्टोबर १९९६ मध्ये परिषदेने पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज केला. आता कुणालाही वाटेल, यात सिद्ध काय करायचं? कुठल्याही मराठी घरात जा आणि विचारा. पण तेच चालणार नव्हतं. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात एक मेख होती. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना ठाऊक असेल किंवा वापरात असेल, तर ती जुनी धरत. तीच गोष्ट परदेशात वापरात असेल, तर तेवढ्यावर भागत नसे; ती तिकडे छापलेली तरी हवी, नाही तर तिचं पेटंट तरी घेतलेलं हवं. कोट्यवधी माणसांचा रोजचा व्यवहार पुराव्यात शून्य, आणि कुणीतरी कधीतरी छापलेला चार पानांचा मजकूर मात्र ग्राह्य. ही तरतूद अमेरिकेने २०११ सालच्या सुधारणा कायद्याने काढली आणि बदल २०१३पासून लागू झाला. हळदीच्या वेळी ती पुरती जिवंत होती.

मग कागद शोधायला सुरुवात झाली. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे, जुनी नियतकालिकं असे बत्तीस संदर्भ गोळा झाले. त्यात १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने हे दावे नाकारले. पारंपरिक ज्ञानाच्या आधारे भारताने परक्या देशातलं पेटंट उलथवलं, याची भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पण निकाल नेमका काय होता? हे आधीपासून माहीत आहे, म्हणून नवीन नाही, म्हणून पेटंट नाही. बस. हळद लावल्याने जखम खरोखर लवकर भरते का, किती, कशा जखमेत, याचा निवाडा करायला तिथे कुणी बसलंच नव्हतं. जुनेपणा सिद्ध झाला, गुण सिद्ध झाला नाही. आपल्याकडे मात्र बातमी येता येता दोन्हींची एकच वळकटी झाली, आणि गेली पंचवीस-तीस वर्षं ती तशीच फिरते आहे.

याच धड्यातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचं काम सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले औषधी योग, म्हणजे औषधांच्या कृती, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी आणि स्पॅनिश अशा पाच भाषांत आणून परदेशी पेटंट तपासनिसांना उपलब्ध करायचे, अशी ती योजना. मोलाचं काम. तरी एक चुटपुट राहते. त्यात ग्रंथ आले, बटवा आला नाही. माझ्या आजीने कोणत्या खोकल्याला काय दिलं, हे कुठल्याच श्लोकात नाही.

ग्रंथांपुरतं बोलायचं तर हळदीला दुष्काळ नाही. चरकाने तिला कुष्ठघ्न (त्वचारोगांवरची), लेखनीय (मेद खरवडणारी) आणि विषघ्न (विष उतरवणारी) या गणांत बसवलं. वाग्भटाने प्रमेहावरच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांवरच्या, उत्तम औषधांत आवळा आणि हळदीची जोडी सांगितली. वैद्य आजही 'निशाआमलकी' लिहून देतात ती हीच. निशा, रजनी अशी रात्रीची नावं संस्कृतात हळदीला आहेत, आणि का हे मला कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. ग्रंथांच्याही मागे जायचं तर हरियाणातल्या फरमाणा इथे, हडप्पा काळच्या वस्तीत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर आणि दातांवर आलं-हळदीच्या पिष्टमय कणांच्या खुणा संशोधकांना सापडल्या. म्हणजे पहिला पुरावा औषधाचा नाही, जेवणाचा आहे. हे मला फार आवडतं.

आणखी एक गोष्ट. हळदीला बी धरत नाही. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ती वांझ आहे. फुलते, पण रुजणारं बी देत नाही. पुढचं पीक हवं तर कुणीतरी गड्डा राखून ठेवायचा आणि मातीत घालायचा. माणसाने एखाद-दोन वर्षं विसरून चालणार नव्हतं.

महाराष्ट्रात ही राखण्याची रीत सांगलीच्या शेतकऱ्यांच्या बोलीत अजून दिसते. कंद काढले की जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडं अशी निवड होते; बेणं वेगळं, विकायचं वेगळं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद माघ-फाल्गुनात काढायची, शिजवायची, वाळवायची, मग पॉलिश. साठवायला पेवं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेल्या या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, कारण आत प्राणवायूच उरत नसे. त्याच कारणाने पेव उघडल्या उघडल्या आत उतरणं जिवावर बेतायचं. २००५च्या महापुराचं पाणी शिरलं आणि त्यातली बरीचशी निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१६ साली वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला मिळालं होतं. आज लागवडीत हिंगोली-वसमतकडचा भाग फार पुढे आहे, पण भाव विचारायचा तर लोक अजून सांगलीकडेच बघतात.

घरात मात्र हळद कधी नुसतं औषध नव्हती. फोडणीत चिमूट, लोणच्यात मूठ, नागपंचमीला पातोळ्यांना पान, लग्नात अंगाला, जेजुरीत उधळायला भंडारा. कुंकूही मूळ हळदीचंच. क्षाराशी गाठ पडली की पिवळा रंग लाल होतो. आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावताच डाग तांबडा का होतो, त्याचंही उत्तर हेच. लागलं-खुपलं तर वर हळद. मुका मार असेल तर आंबेहळद, म्हणजे वेगळ्याच जातीचा कंद, तुरटी किंवा रक्तबोळाबरोबर उगाळून गरम लेप. खोकल्याला दूध-हळद, त्यात तुपाचा थेंब, कधी मिरपूड. आमच्याकडे ती रोज कुणी पीत नसे. पडसं गेलं की पेला बंद. आणि ती मिळण्यासाठी आधी नीट खोकावं लागे!

या जगाला मापही होतं. बाळगुटीतलं हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ सहाणेवर आईच्या दुधात उगाळताना प्रत्येकाचे वळसे मोजलेले असत. जायफळाचा वळसा जास्त झाला तर बाळ झोपेतून उठेना, हे जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. (आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकावं. बाजारातल्या गुटीच्या पुडीत काय आहे हे त्या जुन्या बायकांनाही सांगता आलं नसतं.)

मापाचा हा धागा तुटला तो कुरकुमिनमुळे. हळदीतला हा पिवळा घटक १८१५ साली फोगेल आणि पेलतिए या दोघांनी वेगळा केला. त्याची रचना १९१० साली उलगडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर संशोधनाचा पूर आला. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर, कुरकुमिन जवळजवळ सगळं काही करून दाखवतं. अडचण एवढीच की पोटात गेल्यावर ते रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिऱ्यातलं वीस मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर रक्तातलं प्रमाण वीस पटीने वाढतं. मिरपूड घालणाऱ्या बायका बरोबर होत्या म्हणायचं का? थोडं थांबा, आणि हिशोब करा. पाव चमचा हळद म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास. त्यात कुरकुमिन तीन टक्के धरलं तर वीस-बावीस मिलिग्रॅम. प्रयोगात होतं त्याच्या जवळपास शंभरावा हिस्सा. पेल्यातली हळद आणि कॅप्सूलमधली हळद या एका नावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॅप्सूलच्या डबीवर मात्र चित्र असतं ते पेल्याचं, आणि मजकूर परंपरेचा.

२०१७ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी या सगळ्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला. माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत कुरकुमिनने ठोस यश मिळवल्याचं एकही उदाहरण त्यांना दिसलं नाही, आणि हा घटक प्रयोगशाळेतल्या कसोट्यांनाच फसवतो असं त्यांनी मांडलं. त्याच सुमाराला पाश्चात्त्य शहरांत दूध-हळद 'गोल्डन लाटे' होऊन कॅफेंच्या फळ्यांवर चढली होती. इकडे ३१ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, आयुष मंत्रालयाने दीडशे मिलिलीटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एक-दोनदा, असा सल्ला दिला. मग हळदीच्या गोळ्यांना, थेंबांना, चॉकलेटांनासुद्धा पेव फुटलं. हा वाक्प्रचार हरिपूरकरांना शोभतो.

डोस वाढला की दुसरी बाजूही दिसते. पायपरिन घालून शोषण वाढवलेल्या हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटलीत २०१९ साली आणि पुढे अमेरिकेतही झाल्या. संख्येने थोड्या, पण खऱ्या. पायपरिन इतर काही औषधांचं शोषणही बदलतं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने हळदीची कॅप्सूल घ्यायची तर डॉक्टरला विचारूनच. वरणातल्या हळदीसाठी विचारायची गरज नाही. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण उतावळ्याची टिंगल करायला आहे, हे आपण जाहिराती वाचताना विसरतो.

मला जास्त काळजी वाटते ती मात्र डब्यातल्या हळदीचीच. बांगलादेशात १९८०च्या दशकातल्या एका पुरानंतर ओली झालेली हळद काळपट पडली, आणि ती खपावी म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळण्याची खोड लागली. २०१९ साली हे उघड झालं तेव्हा तिथल्या बाजारांतले ४७ टक्के नमुने भेसळीचे निघाले; सरकारने छापे घातले, दंड केले, आणि २०२१पर्यंत आकडा शून्यावर आला. शिसं मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं, त्यामुळे ही साधी भेसळ नाही. २०२४ साली आलेल्या अभ्यासात भारतातल्या पाटण्यासारख्या काही शहरांतही असे नमुने आढळले. यातली गोम अशी की शिशाचा रंग हळकुंडांनाच, वरून, चोळतात. अख्खं हळकुंड आणलं म्हणजे शुद्ध, हा आपला ठोकताळा इथे उपयोगी नाही.

आमच्या घरी त्यामुळे झळझळीत हळकुंड आता कुणी घेत नाही. मळकट, सुरकुतलेलं, मोडल्यावर आतून गडद नारिंगी दिसेल असं घेतो, ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळालं तर उत्तमच. दळण मात्र मिरचीच्या कांडपाआधी टाकावं लागतं, नाही तर डंकावाला परत पाठवतो. वर्षाला दोन किलो पुरते. त्यातली चिमूटभर अजून कापलेल्या बोटावर जाते, आधी जखम धुऊन. बाकीची वरणात.