जुन्या ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये ऊब हवी असेल तर

थंडी पडली की आमच्याकडे पहिली मागणी येते ती मोठ्या हीटरची. आम्ही मात्र आधी केबिनचा तळ बघतो. पेडलभोवतीच्या खाचा, गिअरच्या दांड्याभोवतीचा फाटलेला रबरी बूट, म्हणजे आवरण, वायरी आत येतात ती भोकं, दबून चपटी झालेली दाराची रबरपट्टी. एवढ्या वाटांनी वारा आत येत असेल तर हीटर कितीही मोठा लावा, पाय गारच राहणार. शिवाय इंजिनाकडच्या भोकांतून धूरही येतो.

फटी शोधायला अंधार बरा. शेड बंद करून एकाने केबिनमध्ये बसावं, दुसऱ्याने खालून टॉर्च फिरवावी. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. पत्र्यातली भोकं सीलंटने बुजवा, वायरींना रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) घाला. पेडलच्या खाचेवर चीर दिलेला रबराचा तुकडा बसतो. पण पेडल तळापर्यंत जाऊन न अडकता वर येतं ना, हे पाहिल्याशिवाय ट्रॅक्टर बाहेर काढू नका. इंजिनाकडच्या पत्र्याला गादीतला फोम चिकटवू नका. तो तेल शोषतो आणि पेटतो. पायाखाली जाड रबरी मॅट घाला.

आता हीटर. बहुतेक केबिनमध्ये तो इंजिनातल्या गरम कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर चालतो. इंजिन चांगलं तापवा, हीटर थोडा वेळ चालू ठेवा, मग इंजिन बंद करून हीटरच्या दोन्ही पाइपांना जपून हात लावा. दोन्ही कडक गरम असतील तर दोष ब्लोअरचा (हवा फेकणाऱ्या पंख्याचा), फ्यूजचा किंवा तुंबलेल्या फिल्टरचा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोअर (हीटरमधली बारीक नळ्यांची जाळी) गाळाने भरला आहे, आत हवा अडकली आहे, नाहीतर हीटरकडे कूलंट सोडणारा कॉक बंद आहे. उन्हाळ्यात बंद केलेला कॉक तसाच राहून गेलेला आम्ही वरचेवर बघतो! दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेवर संशय घ्या. तो साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे उघडतो. उघडाच अडकला, किंवा इंजिन तापतं म्हणून कुणी काढूनच टाकला, तर थंडीत इंजिन पुरतं गरम होत नाही. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावणं हा तात्पुरता उपाय, आणि तोही तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे हीटर आम्ही सुचवत नाही. १५० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो आणि ऊब देतो केस वाळवायच्या ड्रायरच्या जेमतेम दशांश. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो तेवढ्यानेच थकतो. त्यापेक्षा सीटवरचं गरम होणारं पॅड बरं. ५० वॅटचं असेल तर चार अँपिअरच्या आसपास घेतं आणि अंगाला थेट लागतं.

गॅसची शेगडी किंवा गॅस हीटर केबिनमध्ये अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखणं, मळमळणं, गुंगी येणं यातलं काही जाणवलं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना दाखवा. सायलेन्सरच्या जोडातून गळती असेल तर बाकीची कामं थांबवून ती आधी काढा. फटी बुजवल्या तरी ताजी हवा आत घेणारी झडप उघडी हवी. काचांवर वाफ धरते तीही तिनेच कमी होते.

आमच्याकडे येताना ट्रॅक्टरचं मॉडेल, दोन्ही पाइपांची स्थिती आणि खडूच्या खुणांचा एक फोटो आणा. कूलंट शेवटचं कधी बदललं तेही सांगा.