पंचायतवार बैठका आणि घराखालची जमीन

अधिवेशन संपले की गोव्यातले आमदार पंचायतवार बैठका घेऊ लागतात. देवळाचा मंडप असो की शाळेचा वर्ग, नळाचे पाणी आणि रस्त्यावरचे दिवे झाले की बोलणे जमिनीवर येते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत लोक एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) हातात घेऊनच येतात. घराची मालकी आज आमदारांच्या प्राधान्यक्रमात वर आहे, त्यामागे पन्नास वर्षांचे अर्धवट राहिलेले काम आहे.

अशी थेट गाठभेट इथे शक्य होते ती मतदारसंघ लहान असल्याने. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत दमण-दीव धरून 30 जागा होत्या. घटक राज्य झाल्यावर 40 झाल्या. 2022 मध्ये मतदार साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका आमदारामागे सरासरी 28-29 हजार. पलीकडे सिंधुदुर्गात हा आकडा दोन लाखांवर जातो. गोव्यात काहीशे मतांनी निकाल फिरतो, तिथे आमदार घरी आला नाही हे लोक विसरत नाहीत.

कूळकायदा 1964 चा, मुंडकार कायदा 1975 चा. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत, मालकाच्या संमतीने घर करून राहणारा. 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ कसत असलेल्या जमिनीचे मालक ठरले. मुंडकाराला राहते घर आणि पंचायत क्षेत्रात 300, पालिका क्षेत्रात 200 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. कायदे धाडसी होते. पण नाव लागायचे ते मामलेदारासमोर दावा सिद्ध झाल्यावर, आणि सुनावण्यांच्या तारखांत एक पिढी सरली.

त्यानंतरचा सर्वांत वादग्रस्त निर्णय 2014 चा. कूळकायद्यात दुरुस्ती झाली, दावे मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे देण्यात आले आणि नवे दावे दाखल करायला तीन वर्षांची मुदत घातली गेली. मामलेदारांवर इतर कामांचा भार आहे, न्यायाधीश निवाडे लवकर देतील, असे सरकारचे म्हणणे होते. मामलेदारांकडे दावे रखडत होते हे खरेच. पण पेडण्यातल्या किंवा सत्तरीतल्या कुळासाठी मामलेदार हा तालुक्यातला ओळखीचा अधिकारी. दिवाणी न्यायालय म्हणजे वकील, त्याची फी आणि पुराव्याचे कडक नियम. ज्याच्या आजोबांनी खंड तोंडी बोलीवर दिला, पावती कधी मागितली नाही, त्याने कागद कुठून आणायचा? भाटकाराकडे, म्हणजे जमीनमालकाकडे, वकील आधीपासून होता. मुदतीचे कलम तर त्याहून अन्यायाचे, कारण आपला हक्क मुदतीत संपू शकतो हे कित्येकांना ठाऊकही नव्हते. गावोगावी सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि 2017 मध्ये दावे पुन्हा मामलेदारांकडे आले. मधली वर्षे मात्र कुळांची गेली. त्या काळात जे आमदार गप्प राहिले, त्यांना आजही बैठकीत त्याचा जाब द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा.

याच सुमारास जनसंपर्काचे रूप पालटले. सरकारी मदतीच्या योजनांपैकी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आधीपासून होतीच. 2012 मध्ये लाडली लक्ष्मी आणि गृह आधार आल्या, 2020 मध्ये स्वयंपूर्ण गोवा हा उपक्रम. आमदाराच्या कार्यालयात अर्ज भरून देणे हे मुख्य काम होऊन बसले. त्या पैशाचा घराला आधार होतो, यात शंका नाही. पण घराखालची जमीन कोणाची, हे अर्जाने ठरत नाही.

मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रस्त्याकडेच्या आणि सरकारी व कोमुनिदादच्या (गावाच्या सामायिक मालकीच्या संस्थेच्या) जमिनींवरील बेकायदा बांधकामांवर कारवाईचे आदेश दिले. घरे पडतील या धास्तीने आमदारांच्या दारी रांगा लागल्या. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीची घरे नियमित करणाऱ्या दुरुस्त्या मंजूर झाल्या. सामायिक मालकीची जमीन अशी कशी देता, असा कोमुनिदादींचा आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

भाटकाराच्या जमिनीतल्या मुंडकाराला मात्र या दुरुस्त्यांचा उपयोग नाही. त्याचे घर बेकायदा नाहीच, त्याला 1975 च्या कायद्याचाच निकाल हवा आहे. आमदार पुढच्या बैठकीला येतील तेव्हा त्यांनी तालुक्यातल्या प्रलंबित मुंडकार दाव्यांची यादी आणावी: मुंडकार म्हणून नोंद किती जणांची झाली, आणि त्यांपैकी खरेदी पूर्ण होऊन उताऱ्यावर नाव किती जणांचे लागले.