मादी खेचराला कधीच पिल्लू होत नाही का?

घोडी आणि गाढव यांच्यापासून जन्मलेले खेचर वांझच असते आणि मादीला गर्भ राहिलाच तर तो तिच्या जिवावर उठतो, ही समजूत फार जुनी आहे. स्वतःचा मृत्यू ओढवून घेणाऱ्याला गर्भ धारण करणाऱ्या अश्वतरीची, म्हणजे मादी खेचराची, उपमा महाभारतातही दिलेली आढळते. प्रत्यक्षात ही समजूत अर्धीच खरी आहे. घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62 आणि खेचराची 63 असतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नसल्यामुळे शुक्राणू किंवा बीजांड सहसा तयार होत नाही. नर तर वांझच असतात. मादीचे गर्भाशय मात्र निकोप असते, कारण भ्रूण रोपण केल्यावर मादी खेचरांनी घोड्याची आणि गाढवाची पिल्लेही पोटात वाढवली आहेत.

क्वचित एखादे बीजांड सुफल होते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात 1984 साली क्राउझे नावाच्या मादी खेचराला गाढवापासून पिल्लू झाले आणि रक्त व गुणसूत्रांच्या तपासणीने ते तिचेच असल्याचे सिद्ध झाले. ती दगावली तर नाहीच, पुढे तिला दुसरे पिल्लूही झाले. तपासणीचा आग्रह योग्यच आहे, कारण न विताही मादी खेचराला कधी कधी पान्हा फुटतो आणि ती दुसऱ्या घोडीचे शिंगरू आपलेसे करते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या अशा प्रसंगावरून निष्कर्ष काढता येत नाही.