प्यूनिक युद्धे

रोमचे प्रजासत्ताक आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज यांच्यात झालेली तीन युद्धे (इ. स. पू. २६४–२४१, २१८–२०१ व १४९–१४६). पश्चिम भूमध्य समुद्रावर सत्ता कोणाची, हा प्रश्न त्यांनी निकालात काढला आणि इटलीपुरते असलेले रोमचे राज्य समुद्रापार गेले. कार्थेज ही टायर या फिनिशियन नगराची वसाहत. रोमन लोक फिनिशियनांना ‘पोएनी’ म्हणत. त्यावरून हे नाव पडले.

परंपरेनुसार कार्थेजची स्थापना इ. स. पू. ८१४ मध्ये झाली. उत्खननात सापडलेली सर्वांत जुनी मृद्‌भांडी साधारणपणे आठव्या शतकातील मानतात. रेडिओकार्बन कालमापन मात्र नवव्या शतकाच्या अखेरीकडे झुकते. त्यामुळे पारंपरिक तारीख पूर्वी वाटे तितकी निराधार राहिलेली नाही.

साधने : कार्थेजच्या बाजूने लिहिलेला एकही इतिहास शिल्लक नाही. अक्रागासचा फिलिनस हा कार्थेजकडे कल असलेला ग्रीक इतिहासकार आणि रोमन फेबियस पिक्टर या दोघांचेही ग्रंथ नष्ट झाले. पहिल्या युद्धासाठी मुख्य आधार पॉलिबियसचा. तो इ. स. पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार, रोमच्या सिपिओ घराण्याच्या निकटचा. रोमन लेखक लिव्हीच्या इतिहासातील दुसऱ्या युद्धाची दहा प्रकरणे सुरक्षित आहेत, पहिल्या युद्धाची हरवली आहेत. पुढील विवेचनातील जवळपास प्रत्येक आकडा विजेत्याच्या बाजूने आलेला आहे, हे वाचकाने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

करारांचा प्रश्न : युद्धापूर्वी या दोन सत्तांचे संबंध मैत्रीचे होते. पॉलिबियसने त्यांच्यातील तीन करारांचा मजकूर दिला आहे. हे करार कांस्यपटांवर कोरून कॅपिटोलाइन ज्युपिटरच्या मंदिराजवळ ठेवलेले होते. पहिल्याची लॅटिन इतकी जुनाट होती, की जाणकारांनाही काही भाग मोठ्या प्रयासानेच लागे, असे तो सांगतो. या करारान्वये रोमन जहाजांना एका ठराविक भूशिरापलीकडे जाण्यास मनाई होती. वादळाने कोणी तिकडे लोटला गेलाच, तर त्याने पाच दिवसांत निघून जावे. लिबिया व सार्डिनियात सौदा दवंडीवाला किंवा लेखनिक यांच्यासमोरच करायचा आणि तसा झाला, की मालाच्या किमतीची हमी राज्याची.

पॉलिबियस हा करार प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षाचा, म्हणजे इ. स. पू. सु. ५०८-५०७ चा मानतो. लिव्ही मात्र इ. स. पू. ३४८ मधील कराराचा उल्लेख करतो आणि ग्रीक इतिहासकार डायोडोरस त्याच सुमाराच्या कराराला पहिला म्हणतो. एकोणिसाव्या शतकात मॉमझेनसारख्या विद्वानांनी पॉलिबियसची तारीख नाकारली होती. १९६४ मध्ये रोमच्या वायव्येस पीर्गी येथे तीन सुवर्णपत्रे सापडली. त्यांवर काएरे या नगराच्या शास्त्याने अस्टार्टी देवतेला केलेल्या अर्पणाचा मजकूर एट्रुस्कन व फिनिशियन अशा दोन भाषांत आहे, काळ इ. स. पू. सु. ५००. ही पत्रे कराराचा थेट पुरावा नव्हेत. तरीही रोमच्या शेजारी त्या काळी फिनिशियन भाषेत सार्वजनिक लेख कोरले जात होते, एवढे त्यांवरून सिद्ध होते. त्यामुळे पॉलिबियसची तारीख आज अधिक ग्राह्य वाटते.

याहून अवघड प्रश्न फिलिनसच्या कराराचा. रोमनांनी सिसिलीत व कार्थेजने इटलीत पाऊल ठेवू नये, असा करार झाला होता आणि इ. स. पू. २६४ मध्ये रोमने तो मोडला, असे फिलिनस म्हणत असे. असा करार झालाच नाही, असे पॉलिबियस ठासून सांगतो. परंतु इ. स. पू. ३०६ मध्ये कराराचे नूतनीकरण झाल्याची नोंद लिव्हीकडे आहे, तर इ. स. पू. २७२ मध्ये कार्थेजचे आरमार दक्षिण इटलीतील टारेंटमपाशी आले तेव्हा करारभंग झाल्याचे त्याच्या हरवलेल्या प्रकरणांच्या सारांशात म्हटले आहे. इटलीचे पाणी कार्थेजला वर्ज्य नसते, तर हा आक्षेप निरर्थक ठरतो. तेव्हा काहीतरी परस्पर-मर्यादेचा करार असावा आणि तो पॉलिबियसच्या पाहण्यात आला नसावा, हे मत पटण्यासारखे आहे. युद्धाचा दोष कोणाचा, हा प्रश्न याच करारापाशी येऊन थांबतो.

पहिले युद्ध : ठिणगी पडली ती सिसिलीतील मेस्साना येथे. कँपेनियाच्या मामरटाइन भाडोत्री सैनिकांनी हे नगर बळकावले होते. त्याच बेटावरील सिरॅक्यूजचा शास्ता हिएरो याने त्यांना कोंडीत धरल्यावर त्यांनी कार्थेज व रोम या दोघांकडेही मदत मागितली. रोमच्या सिनेटचा निर्णय होईना. अखेर लोकसभेने कौल दिला आणि इ. स. पू. २६४ मध्ये अॅपियस क्लॉडियस सिसिलीत उतरला. हिएरो लवकरच रोमच्या बाजूला आला.

बेट जिंकायचे, तर आरमार हवे. किनाऱ्याला लागलेली कार्थेजची एक नौका नमुना म्हणून घेऊन रोमने १०० क्विंक्वेरीम (वल्ह्यांच्या मोठ्या युद्धनौका) व २० ट्रायरीम (त्याहून लहान युद्धनौका) बांधल्या आणि तोवर वल्हेकऱ्यांना जमिनीवर बाके मांडून शिकवले, असे पॉलिबियस सांगतो. रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे हे काम ६० दिवसांत उरकले. रोमने समुद्राचा विचारच कधी केला नव्हता, हे विधान अतिशयोक्त आहे; इ. स. पू. ३११ पासून तेथे नौकाधिकारी नेमले जात होते. पण नमुन्यावरून बांधणीची कथा केवळ दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही. १९७० च्या दशकात सिसिलीतील मार्साला येथे समुद्रातून वर काढलेल्या प्यूनिक नौकेच्या फळ्यांवर फिनिशियन अक्षरांच्या खुणा आहेत. कोणती फळी कोठे बसवायची हे सुतारांनी आधीच लिहून ठेवलेले दिसते. अशी नौका सुटी करून पाहणाऱ्याला तिची नक्कल जमणे अशक्य नव्हते. मार्सालाची नौका युद्धनौका की मालवाहू, याविषयी मात्र एकमत नाही.

इ. स. पू. २६० मध्ये मायली येथे रोमन सेनानी डुइलियसने ‘कॉर्वस’च्या बळावर विजय मिळवला. हा ४ फूट रुंद व ३६ फूट लांब फिरता पूल होता. त्याचा लोखंडी अणकुचीदार खिळा शत्रूच्या तक्तपोशीत रुतला, की सैनिक त्यावरून पलीकडे धावत. इ. स. पू. २५६ मधील एक्नोमसच्या लढाईनंतर त्याचा उल्लेख येत नाही. त्याच्या वजनाने नौका डगमगत असाव्यात, असा तर्क आहे. आफ्रिकेत उतरलेला रोमन सेनानी रेग्युलस स्पार्टाच्या झँथिपसकडून हरला आणि परतीच्या वादळात ३६४ पैकी २८४ नौका बुडाल्या. अखेर नागरिकांच्या कर्जातून उभारलेल्या आरमाराने मार्च २४१ मध्ये एगाडी बेटांजवळ निर्णायक विजय मिळवला. एकूण ७०० क्विंक्वेरीम रोमने व ५०० कार्थेजने गमावल्या, असा पॉलिबियसचा हिशेब. मात्र एगाडीजवळच्या समुद्रतळातून २००४ पासून हाती आलेली, धडक देण्यासाठी नाळेवर बसवत ती कांस्यमुखे आकाराने बरीच लहान, ट्रायरीमला साजेशी आहेत. वीसहून अधिक अशी मुखे मिळाली असून काहींवर त्यांना मान्यता देणाऱ्या रोमन क्वेस्टरांची (खजिन्याच्या अधिकाऱ्यांची) नावे आहेत, एकावर बाल देवाची प्यूनिक प्रार्थना आहे. सर्वच नौका क्विंक्वेरीम होत्या, हे विधान आता टिकणे कठीण आहे. तहानुसार कार्थेजने सिसिली सोडली व ३,२०० टॅलंट (वजनाचे एक माप) चांदी देण्याचे मान्य केले.

दुसरे युद्ध : कार्थेज आपल्याच भाडोत्री सैन्याच्या बंडाशी झुंजत असताना रोमने सार्डिनिया घेतले (इ. स. पू. २३८-२३७) आणि वर १,२०० टॅलंट मागितले. रोमचा कैवारी असूनही पॉलिबियसला हे कृत्य अन्यायाचे वाटले, ही गोष्ट मोलाची आहे. कार्थेजचा सेनानी हॅमिलकार बार्का याने स्पेनमध्ये नवे राज्य उभारले. त्याचा पुत्र हॅनिबल याने इ. स. पू. २१९ मध्ये सागुंटम घेतले आणि युद्ध पेटले. हे नगर एब्रो नदीच्या दक्षिणेस, म्हणजे आधीच्या समझोत्यात कार्थेजला मोकळ्या ठेवलेल्या बाजूस होते.

स्पेनहून आल्प्स ओलांडून इटलीवर केलेल्या हॅनिबलच्या मोहिमेचा वृत्तांत सर्वपरिचित आहे. त्याने आल्प्स कोणत्या खिंडीतून ओलांडला, याचा निकाल लागलेला नाही. क्लापिए व ट्रॅव्हर्सेट ही नावे आघाडीवर आहेत. इटलीत उतरताना त्याच्याजवळ २०,००० पायदळ व ६,००० घोडदळ होते. हा आकडा त्याने स्वतः लॅसिनियम येथे कोरून ठेवला होता व पॉलिबियसने तो वाचला, म्हणून तो विश्वसनीय. हत्तींच्या माहुतांना पॉलिबियस ‘भारतीय’ म्हणतो; पण हे तोवर माहुताच्या धंद्याचेच नाव झाले होते, कार्थेजचे हत्ती बहुतांशी उत्तर आफ्रिकेतले. कॅनी येथे (२ ऑगस्ट २१६) पडलेल्या रोमनांची संख्या पॉलिबियस सु. ७०,००० देतो, लिव्ही सु. ४८,०००, लिव्हीचा आकडा अधिक संभाव्य. कापुआसह दक्षिणेतील अनेक नगरे फुटली, पण मध्य इटली रोमशी एकनिष्ठ राहिला. रोम टिकला, तो याच आधारावर. रोमन सेनानी सिपिओने स्पेन जिंकून इ. स. पू. २०२ मध्ये आफ्रिकेतील झामा येथे न्यूमिडियाचा राजा मॅसिनिसा याच्या घोडदळाच्या मदतीने हॅनिबलचा पराभव केला. दंड १०,००० टॅलंट, पन्नास वर्षांत. युद्धनौका फक्त दहा. आणि रोमच्या परवानगीवाचून युद्ध करण्यास बंदी.

तिसरे युद्ध : या शेवटच्या अटीचाच मॅसिनिसाने फायदा घेतला. तो कार्थेजचा मुलूख तोडत राहिला. अखेर कार्थेजने शस्त्र उचलले व रोमला निमित्त मिळाले. दंड फिटलेल्या, ओलीस दिलेल्या, शस्त्रे सुपूर्द केलेल्या नगराला समुद्रापासून दूर वस्ती हलवण्याचा हुकूम देणे, हे कोणत्याही संरक्षणाच्या युक्तिवादात बसत नाही. सिपिओ एमिलियानसने इ. स. पू. १४६ मध्ये नगर घेतले. शरण आलेले सु. ५०,००० लोक गुलाम झाले. जमिनीवर मीठ पेरल्याची कथा कोणत्याही प्राचीन ग्रंथात नाही. कार्थेजची ग्रंथालये आफ्रिकी राजांना वाटण्यात आली. केवळ कार्थेजच्या मॅगोच्या कृषिग्रंथाचे अठ्ठावीस भाग सिनेटच्या आज्ञेने लॅटिनमध्ये उतरवले गेले, तेही आज अवतरणांपुरतेच उरले आहेत.

समुद्रापारचा विस्तार : सिसिली हा रोमचा पहिला प्रांत. इ. स. पू. २२७ पासून सिसिली आणि सार्डिनिया-कॉर्सिका यांसाठी दोन प्रेटर (उच्च अधिकारी) अधिक निवडले जाऊ लागले; १९७ मध्ये स्पेनसाठी आणखी दोन. सिसिलीत हिएरोची दशांश धान्यकराची पद्धत रोमने तशीच उचलली. पुढे मॅसिडोनिया, आफ्रिका व (पर्गामॉनच्या राजाच्या इ. स. पू. १३३ च्या मृत्युपत्रानंतर) आशिया हे प्रांत झाले. प्रांताधिकाऱ्यांनी लुबाडलेला पैसा परत मिळवण्यासाठी रोमला इ. स. पू. १४९ मध्ये कॅल्पर्नियन कायद्याने पहिले कायमचे न्यायालय स्थापावे लागले.