मोडीत न गेलेलं

आमच्या घरात जुन्या म्हणून मिरवाव्यात अशा वस्तू थोड्याच आहेत, आणि त्यातली एकही कुणी आठवण म्हणून मुद्दाम जपलेली नाही. ज्यांचे पैसे आले त्या गेल्या. ज्यांना बाजारात कुणी विचारलं नाही त्या राहिल्या, आणि आता नातवंडं त्यांना मोठ्या कौतुकाने 'व्हिंटेज' म्हणतात. ठाण्याच्या चरईतली आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. सामान आवरायला काढलं तेव्हा थोरल्या नातीने प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायला घेतली: कोणाची, कधीची, का ठेवली. पहिले दोन रकाने पटकन भरले. तिसरा काही चिठ्ठीत मावेना. त्यात सरकारचे कायदे येतात, बोहारीण येते, घराच्या भिंती येतात आणि मांजरं-कुत्रीही येतात. म्हणून हे जरा सविस्तर.

१९६९ साली मी लग्न होऊन चरईत आले तेव्हा याच जागेवर कौलारू घर होतं. पुढे ओटी, मधे माजघर, मागे विहीर आणि विहिरीच्या कडेला न्हाणीघर. ठाण्याला तेव्हा नगरपालिका होती, १८६३ सालची. महानगरपालिका व्हायला १९८२ उजाडलं. पण गाव बदलायला त्याआधीच लागलं होतं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत आमच्याच वेशीवर, वागळे इस्टेटीत उभी राहिली. धाकट्या दिरांना तिथे नोकरी लागली. मामंजी आणि आमचे हे लोकलने मुंबईला जात. कारखान्यांमागून माणसं आली आणि माणसांमागून जागेला किंमत आली. १९६३ च्या कायद्याने सदनिका विकणाऱ्या बिल्डरवर करारनाम्याचं बंधन घातलं होतं, त्यामुळे बँकेत नोकरी करणारा साधा माणूससुद्धा 'ओनरशिपचा ब्लॉक' घ्यायचं धाडस करू लागला. ठाणे शहर १९९१ च्या जनगणनेत आठ लाखांवर होतं, २०११ मध्ये अठरा लाख एक्केचाळीस हजारांवर. आमच्या आळीतली कौलं त्या आधीच एकेक करून उतरली होती.

ऐंशीच्या दशकात आमचंही घर बिल्डरकडे गेलं आणि एका घराचे तीन ब्लॉक झाले. भाऊ भांडून वेगळे निघाले असं नातेवाईक अजून म्हणतात. म्हणोत बापडे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात तीन भावांचा संसार मावणार नव्हता, एवढंच. चुली वेगळ्या झाल्या, तरी पुढली कैक वर्षं जाऊबाईंची आमटी जिना उतरून माझ्याकडे यायची आणि माझी कोशिंबीर वर जायची.

आता सोन्याचं. घरात आज जुनं म्हणावं असं सोनं एकच आहे, जाऊबाईंच्या बांगड्या. त्या टिकल्या त्या मोरारजी देसाईंमुळे. १९६२ च्या चीनच्या युद्धात बायकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला अंगावरचे दागिने दिले. सासूबाईंनी हातातले गोठ काढून दिले होते. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटपेक्षा अस्सल सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही, असा हुकूम. सोनं आयात करण्यात परकीय चलन जातं, चोरटी आयात होते, तेव्हा लोकांची हौसच कमी करावी हा त्यामागचा विचार. लोकांची हौस काही कमी झाली नाही, सोनारांच्या पोटावर मात्र पाय आला. जाऊबाईंचं लग्न नेमकं १९६४ चं. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, बाकीचं तांबं नि चांदी. बांगड्यांचा रंग लालसर, वाजल्या तर आवाज वेगळा. लग्नात कुणीतरी 'सोन्याच्या की पितळेच्या' असं बोललं होतं, ते जाऊबाई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. १९६६ साली चौदा कॅरेटची अट उठली, म्हणून माझ्या पाटल्या बावीस कॅरेटच्या झाल्या. मी मनातून जरा फुशारले होते, ते इथे सांगून टाकते.

पुढे ब्लॉकच्या वाढीव जागेचे पैसे भरायची वेळ आली, तेव्हा माझ्या पाटल्या, सासूबाईंचा चंद्रहार, सगळं सोनाराच्या तराजूत गेलं. जाऊबाईंच्या बांगड्याही नेल्या होत्या. सोनाराने त्या कसाला लावल्या, घट एवढी धरली की भाऊजी म्हणाले, या किमतीत देण्यापेक्षा हातात राहू देत. त्या राहिल्या. तांब्याच्या भेसळीमुळे कडक असल्याने झिजल्याही नाहीत. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला आणि त्यात चौदा कॅरेटलाही रीतसर जागा मिळाली. परवा नातीने राम मारुती रोडवरून हौसेने 'फोर्टीन कॅरेट, रोझ गोल्ड' कानातलं आणलं. रंग बघितला आणि मला जाऊबाईंच्या बांगड्याच आठवल्या. जाऊबाई असत्या तर त्यांनी त्या कुजकट बोलणाऱ्या बाईचं नाव घेऊन हिशेब चुकता केला असता.

कपड्यांचा हिशेब याहून सोपा. दुपारची जेवणं आवरली की बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. तिची नजर आधी जरीवर जायची. जुन्या शालूतली, पैठणीतली जर चांदीची, ती जाळून चांदी काढता यायची. साठ-सत्तरच्या दशकात घरोघरी स्टेनलेस स्टील आलं त्यात या बायांचा वाटा मोठा होता. दुकानात रोख मोजून घेतलेली भांडी कमीच. सासूबाईंच्या लग्नाची पैठणी अशीच स्टीलच्या तीन डब्यांवर गेली. आज तशा पैठणीला लोक काय मोजतात ते ऐकून सूनबाई कळवळते. मला विचाराल तर, डब्यांत तीस वर्षं डाळ-तांदूळ राहिले. पैठणी ट्रंकेत कसर खात पडली असती.

बोहारीण घ्यायची नाही ती विटकी, फाटकी सुती लुगडी. ती सासूबाईंनी एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवली. तीच आमची गोधडी. नातीने तिच्या थरांमध्ये बॅटरी मारून पाहिलं, आत तिच्या पणजीचं हिरवं इरकल लुगडं आहे, त्याच्या खाली आजेसासूबाईंचं आलवण. कुणी विधवा झाली त्याची साक्ष त्या गोधडीच्या पोटात आहे, आणि वरून लहान मुलांची फुलाफुलांची झबली. मुद्दाम ठरवून असा घराण्याचा कागद कुणी केला नसता.

तांब्या-पितळेला मोडीत नेहमीच भाव होता, म्हणून त्यातलं जवळजवळ काहीच उरलं नाही. बंब, घंगाळ, कळश्या, पिंप सगळं गेलं. शिवाय पितळेला कल्हई लागते. कल्हईवाला विहिरीजवळ खड्डा करून भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने तो असा हात मारायचा की काळं पातेलं आतून आरशासारखं व्हायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकते, ताक हिरवं पडतं. हा सगळा उपद्व्याप स्टीलने संपवला, आणि खरं सांगायचं तर आम्ही सुनांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जुन्या पितळेची हळहळ मुख्यतः त्यांनाच, ज्यांनी ते कधी चिंचेने घासलं नाही.

त्यातून एक वाडगा वाचला. त्यावर दुकानदाराने ठोक्या-ठोक्याने नाव घातलेलं आहे, 'सप्रेम भेट' एवढं आता वाचता येतं. तळाला चीर गेली म्हणून तो स्वयंपाकघरातून बाद होऊन पडवीत मांजराला गेला. मांजराचं भांडं ते, मोडीच्या ढिगात घालायला कुणी हात लावला नाही.

मांजर आम्ही पाळलं असं म्हणता येणार नाही. घरात तांदळाची पोती असत, पोत्यांमागे उंदीर असत, म्हणून मांजर असे. पहिलं कुठून आलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या पिढ्या माळ्यावर जन्मल्या. शिळी पोळी आणि वाडगाभर पातळ दूध हा तिचा पगार. बाकीचं दूध शिंक्यावर टांगलेलं. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं, ही म्हण आम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहे. सगळ्यांत शेवटची चिमी. १९७१ साली फोटोवाला घरी बोलावून कुटुंबाचा फोटो काढला, त्यात खालच्या सतरंजीवर एक पांढरा फराटा दिसतो. सगळे श्वास रोखून बसले होते, चिमी हलली. त्या काळच्या आमच्या फोटोंत जनावर आहे तो हा एकच. फिल्म माणसांना पुरत नव्हती. ब्लॉकात आल्यावर धान्य किलो-किलोने येऊ लागलं, दूध पिशवीतून येऊन फ्रिजमध्ये गेलं, उंदीर राहिले नाहीत. चिमीच्या वंशाला कामच उरलं नाही. ती मंडळी जांभळी नाक्याच्या मासळीकडे वळली असावीत.

पोपटाची गोष्ट मात्र हौसेची. मामंजींचा पोपट ओटीवर पिंजऱ्यात असे आणि आल्यागेल्याला 'कोण आहे?' विचारी, अगदी मामंजींच्या खाकरण्यासकट. तेव्हा ठाण्यात दर चार घरांमागे एक पोपट असायचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, नव्वदीच्या सुरुवातीला देशी पक्ष्यांची विक्रीही बंद झाली, आणि आज आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. नातू मला दटावतो, 'आजी, हे क्रूर होतं.' होतंच. मामंजी त्याला रोज स्वतःच्या ताटातली हिरवी मिरची देत आणि तो गेला त्या दिवशी कचेरीत गेले नाहीत, हेही होतं. पिंजऱ्याची तार गंजलेली असल्याने भंगारवाल्याने तो परत टाकला. सध्या त्यात मनीप्लांट आहे.

कुत्रा त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. सोवळं हे एक कारण होतं. त्याहून मोठं कारण सुईची धास्ती. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं. ती लस १९११ साली कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. सुया दुखत, आणि क्वचित लसीमुळेच लकवा होई. भारतात ती २००४ पर्यंत चालू होती. आताच्या लशीची चार-पाच इंजेक्शनं दंडात घेऊन मुलं हसत घरी येतात. ज्या आईने शेजारच्या मुलाला सुया घेऊन कण्हताना पाहिलंय, ती मुलाला कुत्र्याजवळ कशी जाऊ देईल? दुसरीकडे मोकाट कुत्री मारण्याची रीत होती. मुंबईत १८३२ साली त्यावरून पारश्यांनी दंगल केली होती, इतकी ती जुनी. २००१ च्या नियमांनी मारणं थांबवून नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग घालून दिला, २०२३ मध्ये ते नियम नव्याने आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालू नका, वॉर्डावॉर्डात जागा नेमा, असं सांगितलं. कचराळी तलावाच्या सकाळच्या फेऱ्यांत यावर रोज वाद होतात. मी दोन्ही बाजूंचं ऐकून घेते, कारण दोन्हीकडे माझ्या मैत्रिणी आहेत.

बिस्किट आमच्याकडे आला तो धाकट्या नातवाच्या हट्टाने. तपकिरी, रस्त्यावरचाच, एक कान मुडपलेला. सोसायटीत लगेच अर्ज पडला की कुत्रं नको. नातीने प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना छापून नोटीस बोर्डावर लावली: बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टचे जादा पैसेही घेता येत नाहीत. अर्ज मागे गेला. बिस्किटला काही काम नाही. तो उंदीर धरत नाही, राखणही करत नाही. कुरिअरवाल्याला शेपूट हलवून आत घेतो. ज्या घरात जनावराने पोटापुरतं काम करावं अशी अपेक्षा होती, तिथे तो पंख्याखाली पडून असतो आणि त्याच्या पोटाला बिघडलं तर मुलगा रजा टाकतो. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा विचार मी फारसा करत नाही. त्यांनी चिमीच्या पिल्लांसाठी आपली शाल माळ्यावर टाकलेली मी पाहिली आहे.

इमारत उभी राहीपर्यंत भाड्याचं घर बघायचं होतं. कुत्रा आहे म्हटल्यावर घरमालक फोन ठेवत. कोलशेतला एक मिळालं, भाडं अंमळ जास्त. बांगड्या थोरल्या नातीकडे, पिंजरा मनीप्लांटसकट मुलीकडे, वाडगा माझ्या कपाटात, अशी वाटणी झाली. गोधडीवरून मात्र घासाघीस झाली. सूनबाईला ती काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगायची होती. बिस्किट ती अंथरल्याशिवाय झोपत नाही. भाडेकरारात अट निघाली की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. तूर्त गोधडी बिस्किटकडे आहे.